न सुकलेली भिंत

बस गं जरा. लाइट गेलीय, येईल एवढ्यात. तोवर हा दिवा पुरे. तुझ्या ट्रेलरचं रंगकाम मी घेणार नाही, हे दारातच सांगून मोकळी झाले असते, पण तू मनात म्हणशील, मोठी आली नाकानं कांदे सोलणारी. म्हणून आत बोलावलं. मी घरं रंगवली, दुकानं रंगवली, एकदा तर शवपेट्यांनाही पॉलिश केलं, तेव्हा हात कापला नाही. पण चाकांवरच्या घराला मी हात लावत नाही. का, ते ऐकून घे.

आमच्या कामात हातापेक्षा नाक जास्त लागतं. रंग वरून सुकलेला दिसतो, बोट लावलं तर बोटालाही लागत नाही, पण आतला थर ओलाच असतो. तो नाकाला कळतो. माझं नाक त्या बाबतीत कुत्र्याचं. लोक चेष्टा करतात, करू देत. त्याच नाकावर माझं पोट चालतं.

माझ्या धाकट्या बहिणीला, आमच्या धाकटीला, दिवस गेले होते, पोट चांगलं दिसायला लागलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. ती नि तिचा नवरा राहायचे ती जागा मालकानं विकायला काढली, नि दुसरी काही मिळेना. माझ्याकडे तेव्हा ही एकच खोली, त्यातही अर्धी रंगाच्या डब्यांनी भरलेली. इथं बाळंतिणीला कुठं ठेवू? तर तिच्या नवऱ्यानं कुठूनसा एक जुना कॅम्पर ट्रेलर ओढून आणला. मी त्याला उद्योगी म्हणते. वयानं माझ्यापेक्षा लहान, त्यामुळे अरे-तुरेच करते. माणूस वाईट नाही, बायकोवर जीव टाकतो, पण रिकामा बसेल तर शपथ. त्यानं तो ट्रेलर आतून पार सोलला, नुसता पत्रा नि सांगाडा ठेवला, आणि मला म्हणाला, "ताई, बाळ यायच्या आत यात घर उभं करून दाखवतो."

आधीच सांगून टाकते. तुझ्या मनात आलंय ते माझ्याही मनात आलं होतं. त्या ट्रेलरात कुणी मेलेलं नाही. मी चौकशी केली. तो एका निवृत्त मास्तरांचा, नि मास्तर अजून ठणठणीत आहेत, सकाळी फिरायला जाताना मला भेटतात. त्यांनी त्यात सुट्ट्या काढल्या, पत्ते कुटले, बस्स. जे काही झालं ते आमच्या माणसानं स्वतःच्या हातानं आत भरलेल्या मालातून झालं.

पत्र्याच्या भिंती उन्हात तापतात, थंडीत गारठतात. म्हणून आतून फोम फवारतात. दोन पिंपं असतात. दोन्हींतला माल नळीच्या तोंडाशी मिसळतो, पत्र्यावर पडतो, फुगतो नि मग कडक होतो. अट एकच, पिंपं आधी कोमट करून घ्यायची. गार माल नीट मिसळत नाही. आमच्या उद्योग्यानं कडाक्याच्या थंडीत गारढोण पिंपांनी सगळ्या भिंती फवारल्या, सगळं अंदाजपंचे. फोम वरून मस्त फुगला, आतून सुकलाच नाही. तो सुकलाय का हे न बघता पठ्ठ्यानं त्याच दिवशी त्यावर प्लाय ठोकला, जमिनीला गोंद फासून प्लास्टिकचं कार्पेट चिकटवलं, भिंतीला लागून पलंग केला, वर नवी कोरी गादी टाकली. आणि मग मला निरोप, ताई, रंगाला या.

मी दार उघडलं नि मागच्या मागे बाहेर आले. शी! काय सांगू तुला! सडलेल्या मासळीचा वास, त्यावर थिनर, त्यावर गोंद. तिथवर मला कळत होतं. बिघडलेला फोम मासळीसारखाच घाण मारतो, मी तो ओळखते. पण त्याच्या खाली आणखी एक होता. माणूस झोपून उठला की तोंड धुवायच्या आधी जो वास येतो ना, तसला. आंबूस, कोमट. तो नाकात जाऊन थांबला नाही, जिभेवर येऊन बसला. जिभेवर साय धरली. मी बोटानं ओरबाडून काढायला गेले, तर तिथं काहीच नाही. कडेला जाऊन सकाळचा चहा ओकले.

"ताई, काय झालं? पित्त का?" धाकटी आतूनच विचारत होती. आरामात गादीवर बसून पाय हलवत होती बया.

"पित्त कसलं डोंबलाचं! तुला वास येत नाही?"

"कसला?" तिनं नाक वर करून हुंगलं. "मला तर उलट इथं बरं वाटतं. दुपारची रोज इथंच पडते मी."

उद्योगी बत्तिशी काढून हसला. "डोहाळे, ताई! कुणाला आंबट लागतं, आमच्या हिला फोम लागतो."

मी त्याला तिथंच झाडला. म्हटलं, "अरे शहाण्या, ती एकटी श्वास घेत नाहीये, पोटातलंही घेतंय. उद्या बाळ आलं की ते चोवीस तास यात असणार. इवल्याशा छातीत ही घाण कोंबणार आहेस? मी हो म्हणेपर्यंत माझी बहीण या पेटाऱ्यात झोपणार नाही. समजलं?" त्यानं मान डोलावली. धाकटीनं नाही डोलावली. ती भिंतीकडे बघत होती.

माझ्या उस्तादांची एक परीक्षा आहे. खोली राहण्याजोगी झाली का बघायचं असेल तर बशीत लोण्याचा गोळा उघडा ठेवायचा नि दार लावून घ्यायचं. लोणी कुठलाही वास पटकन धरतं. दुसऱ्या दिवशी जिभेच्या टोकाला लावून बघायचं. लोणी लोण्यासारखं लागलं तर खुशाल झोपा. आमच्यात सगळे असंच करतात, त्या यंत्रंबिंत्रांवर आमचा विश्वास नाही. मी पलंगाच्या उशाशी फळीवर बशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर बशी चाटलेली. उंदीर म्हणावा, तर लोण्याच्या उरलेल्या थरावर जिभेचे पट्टे उमटलेले होते, रुंद, माणसाच्या जिभेचे. कडेला एक लांब केस चिकटलेला.

"मीच खाल्लं," धाकटी म्हणाली नि मनगटानं ओठ पुसले.

"अगं, पण वास धरला असेल ना त्यानं! ओकारी नाही आली?"

"छान होतं की. थोडं तिलाही दिलं."

"कुणाला?"

ती थबकली. मग पोटावर हात ठेवून हसली. "हिला गं. दुसरं कोण आहे इथं?"

मीही हसले. काय करणार? हसण्यासारखंच होतं ते.

मग आम्ही भाजणी काढली. म्हणजे असं, खिडक्या-झरोके गच्च बंद करायचे, आत हीटर लावून ट्रेलर भट्टीसारखा तापवायचा. मालातला वास उष्णतेनं बाहेर पडतो. मग सगळं उघडून वाऱ्यावर सोडायचं. असं करत राहिलं की भलभलते वास जातात. पण इथं पालथ्या घड्यावर पाणी. सकाळी भाजा, दुपारी उघडा, ऊन उतरेपर्यंत वास परत हजर. आणि तो परत यायचा तोही साधा नाही. एकदा मी आत नुसती उभी राहिले, नाक चालू ठेवून. वास यायचा… जायचा. यायचा… जायचा. सगळीकडून नाही, पलंगाकडच्या भिंतीतून. जरा वेळानं माझ्या लक्षात आलं, माझा श्वासही त्याच्या तालावर चाललाय. तो आला की मी घेत होते. मी बाहेर पळाले नि नळाखाली तोंड धरून खळाखळा चुळा भरल्या. जीभ घासून घासून रक्त आलं.

त्या भिंतीवर डागही पडला होता. प्लाय घामेजायचा. पिवळट, चिकट थेंब. फडक्यानं पुसले की फडकं भिंतीलाच धरून बसायचं, ओढून काढावं लागायचं. आणि तो घाम सगळ्या प्लायवर नव्हता. आडवा लांबट पट्टा, पलंगाच्या उंचीचा. मी उद्योग्याला दाखवला. तो म्हणाला, "गादीची ओल, ताई." गादी नवी कोरी होती, तिला कसली ओल? पण मीही म्हटलं, असेल.

मग तो दिवस. उद्योगी सामान आणायला गेला होता. हीटर सकाळपासून चालू. धाकटी घरी झोपलीय म्हणून मी निर्धास्त. दुपारी दार उघडायला गेले तर कडी हाताला चटका देत होती. फडकं धरून ओढली. आतून जी वाफ आली ना… सांगताना अजून गिळवत नाही मला. डोळे मिटून आत शिरले, हीटर बंद केला, खिडकी ढकलली नि डोळे उघडले.

धाकटी पलंगावर होती. कुशीवर, भिंतीकडे तोंड करून. घामानं निथळलेली. मला वाटलं, संपलं सगळं. जवळ जाऊन बघते तर श्वास चालू होता. तिचे ओठ प्लायच्या सांध्यावर टेकलेले, गाल भिंतीला. बाळ अंगावर पितं ना, तसा तिचा गळा हलत होता.

"धाकटे… ए धाकटे… ऊठ."

"हळू बोल, ताई…" डोळे मिटलेलेच. "आत्ता कुठं झोपलीय ती…"

"कोण? कोण झोपलीय?"

"श्श…"

मी तिचा खांदा धरून ओढलं. गाल सुटेना. गोंदाच्या पट्टीसारखा ताणून ताणून निघाला, नि निघताना असा काही आवाज झाला की माझ्या तोंडात आंबट पाणी आलं. तिच्या ओठांतून पिवळी तार लोंबली, भिंतीपर्यंत. मी ती हातानं तोडली. याच हातानं. आणि तेवढ्यात, धाकटीचं तोंड माझ्याकडे असताना, भिंतीच्या त्या सांध्यातून एक सुस्कारा आला. कुणी झोपेत कूस बदलताना टाकतं तसा.

मी तिला कशी बाहेर आणली ते मला आठवत नाही. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला फाडून खाल्लं, नि बरोबरच होतं त्यांचं. ठोके लागत होते बाळाचे. धाकटीला तिथंच ठेवून घेतलं. ती सारखी एकच म्हणत होती, "मला तिकडं नेऊन झोपव."

उद्योगी आला, त्याला मी काय ते सांगितलं. दोघांनी नाकातोंडाला फडकी बांधली, पटाशी नि हातोडी घेतली नि पलंगाकडचा प्लाय उचकटायला घेतला. बाहेर लख्ख ऊन होतं, समोर कुणी गाडी धूत होतं, गाणं गुणगुणत. प्लाय चिकटचिकट करत सुटला.

मागं फोम होता. मधे पोकळ.

नीट ऐक. फोम कशाच्याही भोवती फुगतो. पाइप असेल तर पाइपचा आकार धरतो, मग पाइप काढला तरी भोक तसंच राहतं. इथं पोकळी होती ती बाईची. कुशीवर झोपलेली, गुडघे दुमडलेले, तोंड आमच्याकडे, म्हणजे पलंगाकडे. मोठं पोट. आत कुणी नाही. पत्रा आणि फोम यांच्यात माणूस मावेल एवढी जागाच नव्हती, फोम होता जेमतेम माझ्या मुठीएवढा जाड. तरी ती पोकळी खोल दिसत होती. कशी, ते मला विचारू नकोस. आतली बाजू फोमसारखी खरखरीत नव्हती. गुळगुळीत, ओलसर, घामाची बारीक बारीक छिद्रं असलेली. वेणीचा पेडन् पेड उमटला होता.

"कोण आहे ही…" उद्योगी कुजबुजला.

मी हाताकडे बघत होते. उशाशी दुमडलेल्या हाताचा ठसा, पाची बोटं सुटी, नि करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली. आमच्या धाकटीची तशी आहे. लहानपणी वाऱ्यानं दार आपटलं, त्यात सापडून मोडली नि वाकडीच जुळली. अख्ख्या जगात तशी करंगळी मी दुसरी पाहिली नव्हती.

मग त्यानं बोट दाखवलं. जिथं तोंड असावं तिथं, त्या पोकळ ओठांच्या आत, काहीतरी पिवळं लागलेलं होतं. मी पटाशीच्या टोकावर घेतलं, नाकाशी नेलं. लोणी होतं.

उद्योगी बाहेर जाऊन ओकला. मी आतच ओकले. नंतर आम्ही प्लाय उभा करून तो ट्रेलर तसाच बंद केला. भंगारवाल्याला निरोप धाडला, फुकट ने, पण ने. मी माझ्या खोलीतले डबे बाहेर काढले, अर्धे देऊन टाकले, वरची माळ्याची खोली मागून घेतली नि त्यांचा संसार तिथं लावला. वास माझ्या केसांत बसला होता. कितीही धुवा, उशीला लागायचा.

धाकटी वेळेआधीच बाळंत झाली. दुपारी उद्योग्याचा फोन आला, रडत नि हसत, "ताई, मुलगी! दोघी सुखरूप!" मी तेव्हा ट्रेलरापाशीच होते, भंगारवाला गाडी जोडत होता. माझ्या अंगातून भीतीच निघून गेली. म्हटलं, जाता जाता त्या भिंतीच्या तोंडावर थुंकून येते. तेवढा हक्क होता माझा.

आत गेले. वास नाही. काहीच नाही. मासळी नाही, गोंद नाही, थिनर नाही, ते कोमट तोंडही नाही. धुतलेल्या बशीसारखी हवा. मी प्लाय बाजूला सारला.

ती पोकळी होती तिथंच, तशीच कुशीवर. पण पोट सपाट होतं. फोम तिथं नव्यानं फुगून भरला होता, पांढराशुभ्र. आणि छातीपाशी, दुमडलेल्या हाताच्या कुशीत, दुसरी एक लहान पोकळी होती. पावाएवढी. वरच्या बाजूला दोन इवल्या मुठींचे ठसे. मी हात घातला. का घातला, देव जाणे. आतून ऊब होती. आत्ता आत्ता कुणी उचलून नेल्यासारखी.

मी थुंकले नाही. भंगारवाल्याला म्हटलं, ने बाबा, लवकर ने.

आता वरच राहतात तिघं. उद्योगी कामाला लागलाय, धाकटी पूर्वीसारखी झालीय, फोमबिम काही आठवत नाही तिला. पोर गोड आहे, कुणाकडेही जाते. आल्यागेल्याच्या मांडीवर बसते, लोक तिला उचलतात, टाळूवर नाक टेकवतात नि म्हणतात, अहाहा, बाळाचा वास! धाकटी मलाच चिडवते, "एवढं नाक नाक करतेस, आपल्याच भाचीला अजून हुंगलं नाहीस." मी म्हणते, मला सर्दी आहे. पोर जन्मल्यापासून मला सर्दीच आहे.

मी मनाची समजूत घालत आले. म्हटलं, थकवा, विषारी हवा, डोक्यात गेलेला थिनर. आमच्या धंद्यात भास होतात माणसाला. पण गेल्या आठवड्यात धाकटी पोरीला घेऊन आली नि कौतुकानं तिची मूठ उघडून दाखवली. "बघ ना ताई, करंगळी! अगदी माझ्यावर गेलीय." नि मीही म्हटलं, "हो गं." काय म्हणणार होते मी? वाकडीच होती, बाहेरच्या बाजूला. पण तुला सांगितलं ना मी, धाकटीची करंगळी जन्मतः वाकडी नव्हती. ती दारात मोडली होती. मोडलेलं हाड पोरांच्या अंगावर जातं का गं?

ऐकलंस? जिन्यावर पावलं आहेत. लाइट गेली की त्या दोघी खाली येतात, वर पोर रडते अंधारात.

हे बघ, एक काम करशील माझं? तू नवी आहेस, तुझ्या मनात काही नाही. पोर लगेच येईल तुझ्याकडे. घे, जवळ धर, नि टाळू हुंग. तोंडानं काही बोलू नकोस, नुसती माझ्याकडे बघून मान हलव. बाळाचा वास आला तर तुझ्या ट्रेलरचं काम मी उद्यापासून घेते, शब्द माझा. दिवा जरा इकडे सरकव, मला तुझा चेहरा दिसू दे.

ये गं धाकटे, दार उघडंच आहे.